सरकारी विद्यापीठातून निघालेल्या वाटा : इलिनॉयचे काही अभियंते

आमच्या समाजात 'इंजिनिअर' हा शब्द फार उदारपणे वापरला जातो. गॅरेजमधला उस्तादही इंजिनिअर, आखाती देशात लिफ्ट बसवणाराही इंजिनिअर आणि पदवी घेऊन चार वर्षे अर्ज करीत फिरणारा मुलगाही इंजिनिअरच. यात हसण्यासारखे काही नाही. हाताने काम करणाऱ्याला मान देण्याची ही आपली एक रीत आहे. पण या उदारपणात एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. पदवी मिळाल्यानंतर इंजिनिअर नेमका कुठे जातो? कोणत्या वाटेने जातो? ती वाट त्याला कोण तयार करून देतो?

दहावीच्या वर्गातील पालकांशी बोलताना आम्हांला दोनच मते ऐकू येतात. एक मत असे, की मोठे इंजिनिअर मोठ्या नावाच्या, मोठ्या फीच्या कॉलेजांतूनच निघतात, आपल्या मुलाचे तिथे काय काम? दुसरे मत असे, की सरकारी विद्यापीठात शिकून कारकुनीच करायची असेल तर चार वर्षे कशाला घालवायची? या दोन्ही मतांना उत्तर देईल असा एक इतिहास आहे. तो आपल्या देशाचा नाही, पण त्यातला मुख्य माणूस आपल्याच उपखंडातला, एका शिक्षकाचा मुलगा आहे. म्हणून तो इथे मांडावासा वाटतो.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, २ जुलै १८६२ रोजी, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. जस्टिन मॉरिल नावाच्या खासदाराने तो आणला होता, म्हणून त्याला मॉरिल कायदा म्हणतात. मॉरिल लोहाराचा मुलगा होता आणि परिस्थितीमुळे पंधराव्या वर्षीच त्याची शाळा सुटली होती. कायदा साधा होता. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रत्येक केंद्रीय प्रतिनिधीमागे तीस हजार एकर सरकारी जमीन द्यायची आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारे कॉलेज काढायचे. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलाला उच्च शिक्षण मिळावे हा त्याचा हेतू. इलिनॉय राज्याच्या वाट्याला ४,८०,००० एकर आली. ही जमीन मुळात तिथल्या आदिवासी टोळ्यांकडून घेतलेली होती, हेही इतिहासाच्या शिक्षकाने विसरू नये. एकाच्या घरात दिवा लागला तो दुसऱ्याच्या घरातले तेल घेऊन.

या पैशातून १८६७ साली अर्बाना या गावी 'इलिनॉय इंडस्ट्रियल युनिव्हर्सिटी' स्थापन झाली आणि मार्च १८६८ मध्ये पन्नासएक विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले. भोवताली मक्याची शेते आणि चिखल. नावातला 'इंडस्ट्रियल' शब्द पुढे विद्यार्थ्यांनाच खटकू लागला, सुधारगृहासारखा वाटू लागला. १८८५ साली तो काढून नुसते 'इलिनॉय विद्यापीठ' असे नाव झाले. अमेरिकेत वास्तुशास्त्राची पदवी घेणारा पहिला माणूस, नेथन रिकर, १८७३ साली याच चिखलातल्या विद्यापीठातून बाहेर पडला. विशेष म्हणजे तो फार दूर गेलाच नाही, पुढे त्याच ठिकाणी शिकवीत राहिला. आपल्या हयातीत चांगले काम करून पुन्हा विद्यार्थ्यांकडे वळायचे, ही तिथली परंपरा पुढेही दिसते.

१९२१ ते १९३७ या काळात हार्डी क्रॉस नावाचे प्राध्यापक तिथे होते. इमारतीच्या सांगाड्यात कोणत्या सांध्यावर किती ताण येतो हे कागद-पेन्सिलीने काढण्याची त्यांची पद्धत १९३० साली प्रसिद्ध झाली आणि संगणक येईपर्यंत जगभरचे अभियंते तीच वापरत राहिले. आपल्याकडच्या जुन्या इंजिनिअरांनीही ती घोकलेली आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेले नेथन न्यूमार्क १९३४ साली डॉक्टर झाले आणि तिथेच प्राध्यापक झाले. मेक्सिको शहरातील 'तोरे लातिनोअमेरिकाना' या उंच इमारतीच्या रचनेत त्यांचा सल्ला होता. १९५७ आणि १९८५ असे दोन मोठे भूकंप त्या इमारतीने उभ्याने सोसले. अशा शिक्षकांच्या विभागात, १९५२ साली, ढाक्याहून एक तेवीस वर्षांचा तरुण येऊन दाखल झाला.

त्याचे नाव फजलुर रहमान खान. जन्म ३ एप्रिल १९२९. त्याचे वालिद अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक, पाठ्यपुस्तकांचे लेखक आणि पुढे शिक्षण खात्यातले अधिकारी होते. फजलुर कलकत्त्याजवळ शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. १९५० साली दंगली उसळल्या आणि शिक्षण अर्धवट ठेवून त्याला ढाक्याला परतावे लागले. पदवी तिथल्या अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून पुरी झाली. दंगलीत शाळा-कॉलेज सुटलेली मुले आपल्या शहरांतही आहेत. ती सगळी परत वर्गात येत नाहीत. फजलुर आला, यात त्याच्या हुशारीइतकाच घरातल्या पुस्तकांचाही वाटा असावा असे आम्हांला वाटते.

काही काळ नोकरी आणि थोडे अध्यापन केल्यावर फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि तो अर्बानाला पोहोचला. तीन वर्षांत त्याने दोन एम.एस. पदव्या घेतल्या, एक बांधकाम रचनेची आणि एक उपयोजित यामिकीची, आणि वर पीएच.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय पूर्वताणित काँक्रीटच्या तुळया. १९५५ साली शिकागोतील स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचनाकारांच्या फर्ममध्ये तो लागला.

इथपर्यंतची वाट सरळ आहे. पुढे ती वळते आणि हे वळण आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. खान मायदेशी परतले. कराची विकास प्राधिकरणात कार्यकारी अभियंता झाले. हुद्दा मोठा, मान मोठा. पण दिवस फायलींत जाऊ लागला. आराखडा काढायचा हात सह्या करू लागला. १९६० साली ते पुन्हा शिकागोच्या त्याच फर्ममध्ये गेले. 'साहेब' होण्यापेक्षा त्यांनी काम निवडले. आपल्याकडे किती वालिद मुलाला असे करू देतील?

आता त्यांनी केले काय, ते जरा सावकाश पाहू, कारण मोठेपण त्यातच आहे. इमारत दहा-पंधरा मजल्यांची असते तेव्हा तिचा खरा शत्रू वजन असतो. चाळीस-पन्नास मजल्यांपुढे शत्रू बदलतो, तो वारा होतो. वारा इमारतीला आडवा ढकलतो. जुन्या पद्धतीत आतल्या सगळ्या खांबांचा आणि तुळयांचा पिंजरा हा धक्का सोसत असे. उंची वाढली की त्या पिंजऱ्यात लोखंड इतके भरावे लागे, की हिशेबच परवडेना. १९३१ साली न्यूयॉर्कला एम्पायर स्टेट बिल्डिंग झाली, ती तशीच बांधलेली. त्यानंतर चाळीस वर्षे तिच्यावर कोणी गेले नाही, त्यात या हिशेबाचाही भाग होता.

खानांनी विचार उलटा केला. ताकद पोटात कशाला ठेवायची? ती सालीत ठेवू. बाहेरचे खांब जवळजवळ लावायचे, त्यांना प्रत्येक मजल्यावर भक्कम तुळयांनी बांधायचे, म्हणजे सगळी इमारत जमिनीत रोवलेल्या एका पोकळ नळीसारखी वागते. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको, बांबू आतून पोकळ असतो म्हणून तो दुबळा नसतो. शिकागोतील डेविट-चेस्टनट ही त्रेचाळीस मजल्यांची निवासी इमारत या पद्धतीने उभी राहिली. मग वास्तुकार ब्रूस ग्रॅहॅम यांच्या साथीने त्यांनी शंभर मजल्यांचे जॉन हॅनकॉक सेंटर केले. ते १९६९ साली पुरे झाले. उंची ३४४ मीटर. वर निमुळती होत जाणाऱ्या या काळ्या मनोऱ्याच्या अंगावर बाहेरून मोठमोठ्या तिरप्या कैच्या दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. वाऱ्याचा जोर त्याच चारी भिंतींतून जमिनीपर्यंत नेतात. एम्पायर स्टेटला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते, हॅनकॉकला सुमारे १४५ किलो. दर चौरस मीटरला साठ किलोंची बचत आणि तीही शंभर मजल्यांत. मुलांना गणित कशासाठी शिकायचे हे सांगताना आम्ही हे दोन आकडे फळ्यावर लिहितो.

मग आला सिअर्स टॉवर. एक नळी चालते तर नऊ नळ्या एकत्र बांधल्या तर? तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ चौकोनी नळ्या. त्यांतल्या दोन पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्यावर, तीन नव्वदाव्यावर आणि उरलेल्या दोनच एकशे दहापर्यंत जातात. ४४२ मीटर. १९७३ साली तो पूर्ण उंचीला पोहोचला आणि १९९८ साली क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांनी मागे टाकेपर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत तीच राहिली. २००९ पासून तिचे नाव विलिस टॉवर झाले आहे आणि हॅनकॉक सेंटरचेही जुने नाव २०१८ साली गेले. मालक बदलले की पाट्या बदलतात. तिच्या पायथ्याच्या रस्त्याला मात्र १९९८ साली खानांचे नाव दिले गेले.

१९६६ साली ते फर्मचे भागीदार झाले, १९६७ साली अमेरिकेचे नागरिक. पण १९७१ साली पूर्व बंगालमध्ये कत्तली सुरू झाल्या तेव्हा शिकागोत मदतनिधी उभा करणाऱ्यांत आणि लोकमत जागे करणाऱ्यांत ते पुढे होते. घरी ते रवींद्रनाथांची गाणी आवडीने गात. योगायोग असा, की रवींद्रनाथांचा मुलगा रथींद्रनाथ १९०६ साली याच अर्बानाला शेतीशास्त्र शिकायला गेला होता आणि १९१२-१३ च्या हिवाळ्यात खुद्द रवींद्रनाथ तिथे राहून आले होते.

खानांचे एक काम असे आहे, की आपल्यापैकी कित्येकांच्या घरातली माणसे त्याखालून गेली आहेत आणि त्यांना ते माहीत नाही. जेद्दाच्या विमानतळावरील हज टर्मिनल. १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजानेही हाजी जात. पुढे सगळा प्रवास विमानाचा झाला. हजच्या दिवसांत लाखो माणसे एकाच ठिकाणी उतरतात, काही तास थांबतात, इहरामच्या कपड्यांत, वाळवंटाच्या उन्हात. तेवढ्या जागेला भिंती घालून वातानुकूलन करणे म्हणजे वर्षातले दीड महिना वापरायला डोंगरएवढा खर्च. वास्तुकार गॉर्डन बन्शाफ्ट आणि खान यांनी तंबू उभारले. टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे २१० तंबू, प्रत्येकाची बाजू ४५ मीटर, पोलादी खांबांना तारांनी टांगलेले. कापड ऊन परतवते, बाजू मोकळ्या म्हणून वारा खेळतो, आणि तापलेली हवा तंबूच्या टोकावरच्या भोकातून निघून जाते. बदूंचा तंबू आणि विसाव्या शतकाचे गणित, दोन्ही तिथे एकत्र आहे. आमच्या गावातील एका वयस्क हाजीसाहेबांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सर, सावली छान होती. आम्ही तिथंच असरची नमाज पढलो."

टर्मिनल १९८१ साली सुरू झाले. २७ मार्च १९८२ रोजी कामासाठी गेले असता जेद्दातच हृदयविकाराने खानांचे निधन झाले. वय बावन्न. दफन शिकागोत झाले. १९८३ साली या टर्मिनलला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, तो पाहायला ते नव्हते.

एका माणसावर आम्ही एवढी पाने घालवली, पण त्या विद्यापीठातून निघालेल्या वाटा अनेक आहेत. दुसरे खान त्यांच्याहून अगदी निराळे. शाहिद खान लाहोरचे. आई गणिताची प्राध्यापिका. १९६७ च्या जानेवारीत, सोळाव्या वर्षी, बर्फाच्या वादळात ते अर्बाना-शॅम्पेनला उतरले. पहिली रात्र वायएमसीएच्या दोन डॉलरच्या खोलीत काढली आणि लगेच तासाला एक डॉलर वीस सेंटवर भांडी धुण्याचे काम धरले. १९७१ साली औद्योगिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. शिकतानाच ते गावातल्या फ्लेक्स-एन-गेट या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत काम करीत होते. बंपर तेव्हा अनेक तुकडे जोडून करीत. एकाच पत्र्यातून दाबून काढलेला हलका बंपर त्यांनी बनवला, १९७८ साली छोट्या उद्योगासाठीचे कर्ज काढून स्वतःचा कारखाना टाकला आणि १९८० साली जिथे नोकरी केली ती कंपनीच विकत घेतली. १९८९ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या टोयोटा गाड्यांना त्यांचे बंपर लागू लागले. अब्जाधीश म्हणून आणि फुटबॉल संघांचे मालक म्हणून वर्तमानपत्रांत त्यांचे नाव येते. आम्हांला ते भांडी धुणे जास्त मोलाचे वाटते असे नाही, गरिबीचे कौतुक आम्ही करीत नाही. मोलाचे हे, की भांडी धुणाऱ्या मुलाला जवळच, त्याच गावात, वर्गही होता आणि कारखानाही होता.

जॅक किल्बी यांची हकीकत परीक्षेत नापास होणाऱ्यांनी वाचावी. बॉस्टनजवळच्या प्रख्यात एमआयटीची प्रवेशपरीक्षा थोडक्या गुणांनी हुकली म्हणून ते इलिनॉयला आले. मध्येच महायुद्ध लागले आणि सैन्याने त्यांना पाठवले ते ईशान्य भारतात, एका चहाच्या मळ्यातील रेडिओ दुरुस्तीच्या ठाण्यावर. परत जाऊन १९४७ साली पदवी घेतली. मिलवॉकीला नोकरी करता करता १९५० साली शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याच्या विद्यापीठाची एम.एस. केली. १९५८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये नवे लागले, तेव्हा जुलैत सगळे सहकारी सुटीवर गेले. नव्या माणसाला रजा नव्हती. रिकाम्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी विचार केला, की विद्युतमंडलाचे सगळे भाग एकाच पदार्थाच्या तुकड्यावर का करू नयेत? १२ सप्टेंबर १९५८ रोजी जर्मेनियमच्या छोट्याशा पट्टीवरचे ते मंडल त्यांनी चालवून दाखवले. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये असलेल्या चिपचा तो पूर्वज. नोबेल मिळायला २००० साल उजाडले. २००५ साली ते गेले.

निक होलोन्याक यांचे वडील कोळशाच्या खाणीत मजूर, युरोपातून पोट भरायला आलेले. घराण्यात शाळेचे तोंड पाहणारा निक पहिला. रेल्वेमार्गावर मजुरी करताना एकदा सलग तीस तास काम पडले आणि त्याने ठरवले, शिकायचे. इलिनॉयमध्ये जॉन बार्डीन नुकतेच आले होते. भौतिकीचे नोबेल दोनदा मिळवणारा तो एकच माणूस. होलोन्याक त्यांचे पहिले पीएच.डी. विद्यार्थी. १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा पहिला व्यवहार्य एलईडी केला आणि पुढच्याच वर्षी चांगली नोकरी सोडून ते पुन्हा आपल्या विद्यापीठात शिकवायला आले, ते कायमचे. २०१४ साली निळ्या एलईडीला नोबेल मिळाले, होलोन्याकांचे नाव त्यात नव्हते. हा अन्याय होता असे आमचे मत आहे. २०२२ साली त्यांचे निधन झाले. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी जावेद करीम हेही याच विद्यापीठाचे. त्यांच्याविषयी मुलांना काही सांगावे लागत नाही, मुलेच आम्हांला सांगतात.

आता थोडे घरचे. पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ साली, म्हणजे मॉरिल कायद्याच्याही आधी सुरू झाला होता. म्हैसूरहून आलेले विश्वेश्वरय्या तिथूनच १८८३ साली बाहेर पडले. मुंबईत हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाचा हाजींसाठी मुसाफिरखाना आहे आणि त्याच नावाने भायखळ्यात तंत्रशिक्षणाची संस्थाही. आपल्या वडीलधाऱ्यांना हजची सावली आणि हाताचा हुनर या दोन्हींची काळजी होती, हे त्यातून दिसते. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या आणि फीही वाढली. २००६ च्या सच्चर समितीने नोंदवले, की देशातील नामवंत कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुस्लिम आहे आणि पदव्युत्तर वर्गांत पन्नासात एक. आमच्या दहावीच्या एका वर्गात साठ मुले असतात. त्यांतला प्रत्येक फजलुर नसतो. पण एखादा असला, तर आठवीनंतर त्याला चांगला गणिताचा शिक्षक कुठे मिळतो, घरापासून किती अंतरावर सरकारी कॉलेज आहे आणि त्याची फी कोण भरतो, यावरच सगळे ठरते. गेल्या वर्षी वायरमनच्या कोर्सला गेलेला आमचा एक विद्यार्थी फळ्यावरचे ते पोलादाचे गणित सगळ्यांत आधी सोडवीत असे. वायरमन होण्यात कमीपणा नाही. त्याला दुसरी वाट विचारायचीही संधी मिळाली नाही, एवढेच आमचे म्हणणे.

खान गेले तेव्हा त्यांच्या फर्ममध्ये बिल बेकर नावाचा एक तरुण वर्षापूर्वीच लागला होता. १९८० साली त्याने इलिनॉय विद्यापीठातूनच एम.एस. केले होते. दुबईच्या बुर्ज खलिफाची रचना त्याची. २०१० साली ती खुली झाली, उंची ८२८ मीटर, सिअर्स टॉवरच्या जवळजवळ दुप्पट. तिच्या गाभ्याला तीन पंखांनी आधार देण्याची नवी युक्ती बेकरची आहे.